उष्टं पाणी

"याला तुम्ही ठेवून घ्याल का?" असं मी विचारलं, की "याला इथं मरू द्याल का?" असं, ते आता खात्रीनं सांगता येत नाही. यातलं दुसरं विचारलं असावं, अशी भीती वाटते.

गावाबाहेरच्या फकिराच्या तकियाची, त्या जुन्या मठीची, देखभाल जैतूनबी करत. त्या ओट्यावर बसल्या होत्या, भोवती त्यांनी सांभाळलेली मांजरं. माझ्या पिशवीत माझा बोका, दगडू.

"काय झालंय त्याला?"

"रक्तात विषाणू आहे. रोगाशी लढायची ताकदच खातो. हिरड्या सडल्यात. चार दिवस अन्न नाही."

"माझ्या तिघांना आहे तो. तो काळा बघा, नऊ वर्षांचा आहे, कसा माजलाय." त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "हा असा कसा झाला?"

मी पिशवीचं तोंड आणखी उघडलं.

"कधी कळलं?"

"दोन वर्षांपूर्वी. तेव्हापासून मागच्या खोलीत बंद ठेवला. ताटली वेगळी, पाणी वेगळं. घरात याची बहीण आहे, ठकी. मंडईत एका पोत्यात सापडली होती दोघं. तिला लागू नये म्हणून..."

"भांडायची दोघं?"

"नाही. एका टोपलीत झोपायची."

"मग वेगळं करा म्हणालं कोण?"

"डॉक्टर. म्हणजे... भांडून चावत असतील तर वेगळी ठेवा, म्हणाले."

जैतूनबी हसल्या. "चावत असतील तर! आणि कॉलेजात काय शिकवत होतात, मास्तर?"

"तर्कशास्त्र."

"या अल्ला."

दगडू पिशवीतून बाहेर आला. त्यांच्या नमाजाआधीच्या वजूसाठी, हातपाय धुण्यासाठी, भरून ठेवलेल्या वाडग्याशी गेला आणि पाणी प्यायला लागला. तोंडातून लाळेची तार वाडग्यात लोंबत होती.

"बी, ते फेका. मी दुसरं आणतो."

"मांजराच्या उष्ट्याचा आम्हाला विटाळ नाही."

दगडूचं पिऊन होईपर्यंत त्या थांबल्या. मग त्याच पाण्यानं त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं. ओला तळवा त्याच्या डोक्यावरून शेपटीपर्यंत फिरवला. दगडूनं पाठ वर उचलली.

दोन वर्षं मी त्याला हातमोजे घालूनच धरत होतो.

"दाराशी रडायचा?"

"आधी रडायचा."

"मग?"

"मग थांबला."

जैतूनबी दगडूची पाठ खाजवत राहिल्या.

"ठकीला तरी वाचवलं मी," मी म्हणालो. आवाज नको इतका चढला होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"कुणापासून?"

दगडू तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडेच मेला. मी तिथं नव्हतो.

सात वर्षांनी ठकीचा एक दात काढायचा होता, म्हणून प्रथमच तिचं रक्त तपासलं. ती चांगली धडधाकट होती. रक्तात तोच विषाणू निघाला. डॉक्टरांनी विचारलं, ही बाहेर जाते का, दुसरी मांजरं घरात येतात का. कधीच नाही, मी म्हणालो. मग लहानपणापासूनच असणार, ते म्हणाले.

मी दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घेतलं. अहवाल तोच आला.