डोहाची रीत

एका राज्यात एक राजा होता आणि त्या राज्यात एक रीत होती: राजापुढे कोणी पाऊल टाकायचे नाही. देवळात जा, शिकारीला जा, लग्नाच्या मांडवात जा, पुढे राजा आणि मागे बाकीचे. राजाचे नाव धवलकेतू. तो भरभर चाले आणि मागे वळून कधी पाहत नसे. राजाने मान वळवली तर मुकुट वाकडा होतो, असे दरबारी म्हणत. खरेखोटे मुकुट जाणे.

घरात राणी चंद्रप्रभा, म्हातारी राजमाता आणि एकुलती एक राजकन्या सुरंगी. राजमातेला पूर्वी एक मुलगीही होती, बकुळा, राजाची धाकटी बहीण. लहानपणी ती भावाबरोबर डोंगरातल्या रानात गेली आणि भाऊ एकटाच परत आला. वाघाने नेली, असे त्याने सांगितले. त्या दिवसापासून राजमातेने गोडाला तोंड लावले नाही. पुढे धवलकेतू गादीवर बसला, तेव्हा त्याने पहिला हुकूम काढला तो डोंगराची वाट बंद करण्याचा. लोक म्हणाले, बहिणीवर केवढी माया!

सुरंगी वाढत वाढत बकुळेच्या वयाची झाली. त्याच सकाळी तिने पलंगावरून पाय खाली टाकले, तो खण्ण असा आवाज झाला. पावले दगडाची झाली होती, बोटानखांसकट काळ्या पाषाणाची. दुखत नव्हते की खुपत नव्हते, पण दगड रोज थोडा थोडा वर सरकत होता. वैद्यांनी लेप लावले, मांत्रिकांनी लिंबे कापली. कोणा शहाण्याने पाथरवटालाही बोलावणे धाडले. राणीने त्याला छिन्नीहातोड्यासकट दारातूनच परत पाठवले.

"दगड काळजापर्यंत पोचला की पोरीची मूर्ती होईल," वैद्यराज म्हणाले.

तेवढ्यात खिडकीत एक कस्तूर पाखरू येऊन उतरले. निळेकाळे अंग, एक पाय पोटाशी घेतलेला. आधी त्याने लांबलचक शीळ घातली, मग ते माणसाच्या वाणीने बोलले.

"राजा, डोंगरात तीन डोह आहेत. पहिला गुडघाभर, दुसरा कमरेभर, तिसरा पुरुषभर. एका चालीत तिन्ही डोहांत स्नान घडले, तर पोरीचे पाय सुटतील."

"मेणा आणा," राजा म्हणाला.

"मेणा नको, घोडा नको, कोणाचा खांदा नको. जिचे पाय तिने चालावे आणि सगळ्या घराने बरोबर चालावे. डोहाची रीत एकच. शेवटचा पोचल्यावाचून पहिल्याने पाण्यात पाऊल घालू नये."

डोंगराचे नाव निघताच राजाचा चेहरा उतरला. पोरीच्या काळजीने उतरला असेल, असे सगळ्यांना वाटले.

राणीने शिदोरी बांधली, राजमातेने काठी घेतली आणि राजघराणे पायी निघाले. पाखरू पुढे या फांदीवरून त्या फांदीवर. वाट कारवीतून जाई, जांभळीच्या सावलीतून जाई, मध्येच ओढ्याला ओलांडी. सुरंगीने रान कधी पाहिलेच नव्हते. पाय दगडाचे, पण डोळे तर नव्हते! ती खेकड्यापाशी थांबे, वारुळापाशी थांबे, आणि खण्ण खण्ण करीत पुन्हा चालू लागे.

"बाबा, पाखराच्या पायात काटा आहे," ती म्हणाली.

"असेल. पुढे चला," राजा म्हणाला आणि स्वतःच पुढे गेला.

पहिल्या डोहावर तो एकटाच पोचला. पाणी इतके निवळ की तळाचे खडे मोजावेत. काठच्या धोंड्यावर शेवाळनाथ मांत्रिक बसला होता. त्याची दाढी शेवाळाची होती आणि दाढीत मासोळ्या फिरत होत्या.

"राजा, मागे कोण आहे?" मांत्रिकाने विचारले.

"आहेत. येतील," राजा म्हणाला. ऊन लागले होते, सवय जुनी होती. त्याने जोड्यासकट पाय पाण्यात घातला.

डोहाचा दगड झाला. राजाने पाय ओढून काढला, पण जोडा आत रुतला, तो अजून तळाशीच आहे. आणि तिकडे खाली वाटेवर सुरंगीच्या घोट्यांचा दगड सर्रकन पोटऱ्यांपर्यंत चढला.

राणी धावत आली आणि नुसती रडू लागली. सगळ्यांच्या मागून राजमाता काठी टेकत पोचली. तिने वाकून दगडाला हात लावला, तेव्हा त्याचे पुन्हा पाणी झाले. सुरंगीने गुडघाभर पाण्यात स्नान केले, पण चढलेला दगड काही उतरला नाही.

"धवल," राजमाता म्हणाली, "रीत सांगून दुपार झाली नाही, तोवर विसरलास? तुझ्या घाईपायी माझी नात जाईल!"

राजाने उरलेला जोडाही काढून फेकला. मग म्हणाला, "सुरंगी, तू पुढे हो."

"महाराज, राजापुढे पाऊल?" राणी दचकली.

"पाऊल आमच्याच पोरीचे आहे."

आता सुरंगीची पावले पुढे आणि राजा मागे. अनवाणी राजाला प्रत्येक खडा भेटत होता. एका ढांगेत ओलांडायच्या ओढ्यावर तो किती वेळ उभा राहिला! पलीकडच्या दगडावर सरडा मान हलवत होता, त्याने तोही पाहिला. एवढे रान आपल्या राज्यात आहे, हे त्याला ठाऊकच नव्हते.

दुसरा डोह धबधब्याखाली होता. शेवाळनाथ तिथेही आधीच बसलेला. पोचला कसा, ते विचारू नये. मांत्रिक पोचतात.

"राजा, मागे कोण आहे?"

राजाने मान वळवली. मुकुट वाकडा झाला. "माझी आई मागे आहे," तो म्हणाला.

"मग थांब."

राजा थांबला. तापल्या कातळावर पाय भाजू लागले, तरी थांबला. शेवटी खाली उतरून गेला आणि राजमातेचा हात धरून तिला वर घेऊन आला. डोहाची पहिली ओंजळ त्याने तिला दिली. मग सगळ्यांनी कमरेभर पाण्यात स्नान केले आणि सुरंगीचा दगड पुन्हा घोट्यापाशी उतरला. पोर टाळ्या पिटू लागली. राणी हसली. राजाला वाटले, आता जिंकलेच.

तिसऱ्या डोहाची चढण उभी होती. सुरंगीला कोणी उचलायचे नाही, म्हणून सगळे तिच्या मागे एकेक पायरी थांबत चढले. वर पोचले तर पुरुषभर हिरवे पाणी, वरून पांढरी धार, आणि तळाशी सोन्याचे एक चिमुकले पैंजण लखलखत होते.

"शापित धन आहे, हात लावू नका," शेवाळनाथ म्हणाला. "राजा, मागे कोण आहे?"

राजाने नीट पाहिले. आई आली होती, राणी आली होती, लेक आली होती.

"मागे कोणी नाही," तो म्हणाला.

शब्द तोंडातून निघाला आणि धबधब्याची धार होती तिथेच हवेत थांबली. सुरंगीचा दगड घोट्यांवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून कमरेवर, कमरेवरून वर चढू लागला.

"बाबा!" ती ओरडली.

"महाराज, काय बोललात?" राणीने पोरीला मिठी मारली, ती अर्धी दगडालाच.

शेवाळनाथ शांतपणे म्हणाला, "याच जागी हेच शब्द तू पूर्वी एकदा बोलला आहेस."

"धवल, हा काय म्हणतो आहे?" राजमातेने विचारले.

पाखरू कुठे दिसत नव्हते. दूर खालच्या वाटेवरून त्याची शीळ मात्र आली, लांबलचक, शेवटी चढत जाणारी. त्या शिळेत राजाने एक जुनी हाक ओळखली. त्याने मुकुट काढून कातळावर ठेवला.

"आई, वाघ नव्हता. मी गंमत म्हणून बकुळेचे पैंजण हिसकावले आणि पळालो. ती मागे राहिली. इथे याने विचारले, मागे कोण आहे. शेवटचा आल्यावाचून पाण्यात उतरता येत नाही, आणि मला तर आधी उडी मारायची होती. मी म्हणालो, मागे कोणी नाही. उडी मारली तसे पैंजण हातातून तळाशी गेले, आणि मग ती कोणीच उरली नाही. मी शोधली, आई. नाही सापडली." आणि तो डोंगराकडे तोंड करून ओरडला, "मागे आहे! माझी बहीण मागे आहे!"

दगड काळजाच्या खाली येऊन थांबला.

"मग थांब," शेवाळनाथ म्हणाला.

"मी जाऊन तिला घेऊन येतो."

"पोर इथे दगड होते आहे, आणि तुला पुन्हा पळायचे आहे? थांब."

राजा थांबला. शिदोरी कोणी सोडली नाही. राजमाता त्याच्याकडे पाठ करून बसली होती. राजाला वाटले, दगड मी व्हायला हवे होते.

उन्हे कलू लागली, तेव्हा वाटेवर पाखरू दिसले. ते उडत नव्हते. पंख मिटून, एका पायावर टुणटुण उड्या मारीत, मध्येमध्ये थांबत चढत होते. राजा गुडघ्यांवर बसला. करवंदीचा एक काटा मोडून घेऊन त्याने पाखराच्या पायातला काटा काढला. काट्याने काटा काढावा म्हणतात, तो असा. मग त्याने डोहाची पहिली ओंजळ पाखरापुढे धरली.

पाखरू पाणी प्याले आणि तिथे एक लहान मुलगी उभी राहिली. एका पायात सोन्याचे पैंजण, दुसरा पाय मोकळा. मधली वर्षे तिला काही ठाऊक नव्हती.

"दादा, किती रे पळतोस!" ती म्हणाली. "मी काटा काढत बसले होते. थांब रे दादा, थांब रे दादा, म्हणून ओरडले. ऐकू नाही आले?"

"आले होते," तो म्हणाला.

"मग? आणि तुझे केस असे पिकले कशाने?"

त्याचे उत्तर द्यायला राजमातेने वेळच दिला नाही. काठी एकीकडे, म्हातारी दुसरीकडे, आणि लेक तिच्या कुशीत.

धबधबा धो धो कोसळू लागला. सुरंगीचा दगड वरून खाली वितळत गेला, शेवटी गुलाबी नखे उघडी पडली. शेवटची आली होती, आता पहिल्याने उतरायला हरकत नव्हती. राजाने तळाशी बुडी मारून पैंजण आणले आणि स्वतःच्या हाताने बहिणीच्या पायात घातले. मग सगळे मनसोक्त डुंबले. राजमातेने शिदोरीतला लाडू फोडला, अर्धा बकुळेला दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला. लेकाशी मात्र ती त्या दिवशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली.

डोंगराची वाट सर्वांना खुली झाली. राज्यातली रीतही बदलली: आता राजा सगळ्यांच्या मागून चालतो. सुरंगीला आपल्याच उंचीच्या मुलीला आत्याबाई म्हणावे लागते, आणि आत्याबाई तो मान अगदी कडक वसूल करतात. घरचे सगळे डोहांवर निघाले की या दोघी पुढे पळतात. पण वळण आले की बकुळा थांबते, मागे वळते आणि हाक मारते, "दादा, आहेस ना?"

आणि सगळ्यांच्या मागून, खालच्या वाटेवरून, राजा ओ देतो, "आहे गं, आहे."