गजराज आणि मूठभर रिव्हॉल्वर

“हसलीस? मग आता तूच निवड!” सोनवळ संस्थानचे हैबतराव महाराज गरजले आणि राणीसाहेबांच्या दासीच्या, बयजाच्या, तोंडचं पाणी पळालं.

हसण्यासारखं घडलंच होतं तसं! मागच्या आठवड्यात चोरांनी राणीमहालाच्या खिडकीचे गज वाकवले. तेव्हा राणीसाहेब म्हणाल्या, “उशाशी ठेवायला एक रिव्हॉल्वर हवं. आणि चांदमारीच्या मैदानावर रोज त्यानंच नेमही धरायला हवा.” आता महाराजांचा जीव होता तो गजराजावर. गजराज म्हणजे हत्ती नव्हे, महाराजांचं लांबलचक नळीचं रिव्हॉल्वर! त्यांनी त्याचंच जुळं भावंड मागवलं आणि भर दरबारात राणीसाहेबांच्या हाती ठेवलं. राणीसाहेबांचे दोन्ही हात खाली गेले, नळी समोरच्या तबकात आपटली आणि पेढ्यांचा चुरा झाला. बयजा फिस्सकन हसली.

“उद्या विलायती व्यापारी येतोय,” महाराज म्हणाले. “त्याच्याकडचं एकच निवडायचं. उशाखाली मावेल आणि चांदमारीवर गजराजाला हरवेल असं! नाही जमलं तर तुझं गाठोडं वेशीबाहेर, आणि राणीसरकारांनी गजराजाच्या भावाशीच जुळवून घ्यायचं!”

दिवाण नारोपंतांनी मान डोलावली. महाराजांच्या प्रत्येक वाक्याला ते मान डोलवत. दिवाणगिरीतलं तेवढंच काम त्यांना मनापासून जमायचं.

 बयजाचं माहेर बुडालेलं, सासर तुटलेलं. राजवाड्याखेरीज तिला दुसरं घरच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्यानं मखमलीवर रिव्हॉल्वरं मांडली. बयजानं पदर पसरला. एकेक हत्यार पदराखाली ठेवायचं आणि झटकन बाहेर काढायचं, असं तिनं सुरू केलं. एकाचा मागं वर आलेला घोडा पदरात अडकला, दुसऱ्यानं तर जरीच उसवली.

“लुगडी फाडनारी बाजूला ठिवा!” ती म्हणाली.

राणीसाहेबांनी चांदीची नक्षी असलेलं सगळ्यांत चिमुकलं उचललं. “किती गोजिरवाणं गं हे!”

“मुठीत धरून बघा, सरकार.”

धरलं, तर करंगळी खाली लोंबकळू लागली. व्यापारीही चाचरत म्हणाला, “हलकं आहे ना, म्हणून झटका जरा जोराचा देतं.”

“म्हंजे आज हात दुखनार आन् उद्या चांदमारी बंद! मग नेम काय झोपंत धरायचा?”

शेवटी तिनं कोपऱ्यातलं एक साधंसं काढलं. आखूड नळी, पोटात पाच गोळ्या, घोडा आतच दडलेला आणि मूठ राणीसाहेबांच्या हातात नेमकी बसणारी. पदराखालून ते लोण्यातल्या केसासारखं निघालं.

“ह्येच!” बयजा म्हणाली.

संध्याकाळी सगळे चांदमारीच्या मैदानावर जमले. महाराजांनी पार लांब, मातीच्या बांधापाशी मडकं ठेवायला लावलं. धडाम! गजराजानं मडक्याच्या ठिकऱ्या उडवल्या.

“आता येऊ दे तुझं पिल्लू!”

बयजानं हात जोडले. “महाराज, चोर तितक्या लांब हुबा ऱ्हाईल?”

“लांब कशाला? तो घरात शिरेल!”

“मग घरच हितं आनू या की!”

सकाळीच तिनं गड्यांना सांगून ठेवलं होतं. बांधासमोर राणीसाहेबांचा पलंग आला, दागिन्यांची पेटी आली, महालात असतं तेवढंच अंतर सोडून दाराच्या जागी दोन बांबू उभे राहिले. त्या बांबूंमध्ये, बांधाला टेकून मडकं ठेवलं. राणीसाहेब पलंगावर बसल्या, उशाखालून रिव्हॉल्वर काढलं आणि पहिल्याच गोळीत मडकं फुटलं!

“हॅट! हे तर गजराजही करील!” महाराज फणकारले. नारोपंतांनी मान डोलावली.

“करंल की! पन आता दोन्हींच्या गोळ्या काढा. चोर व्हायला दिवाणजी हाईतच.” असं म्हणत बयजानं रांगत्या बाळराजांना आणून राणीसाहेबांच्या कडेवर दिलं. “घरात बाईचा एक हात कधी रिकामा असतोय व्हय?”

नारोपंत बांबूंतून आत शिरले. त्यांचा दुसरा पाय आत पडायच्या आधीच राणीसाहेबांचं रिकामं रिव्हॉल्वर त्यांच्यावर रोखलेलं! सवयीनं त्यांनी मान डोलावली.

मग पाळी महाराजांची. बाळराजे त्यांच्या कडेवर गेले आणि नारोपंत पुन्हा आत आले. महाराजांनी कमरेला खोचलेल्या गजराजाला हात घातला, तर लांब नळी शेल्यात गुंतली. ओढून काढली, तर एका हाताला ती पेलेना. तेवढ्यात बाळराजांनी वडिलांची मिशी मुठीत धरली.

“अरे, सोड! सोड म्हणतो ना!”

नारोपंतांनी सावकाश पेटी उचलली, काखोटीला मारली आणि बांबूंपाशी थबकून अदबीनं विचारलं, “निघू का, महाराज?”

सगळं मैदान खदखदून हसलं. महाराज लालेलाल झाले. “पोर कडेवर असतानाच चोर येतो होय गं?”

“मग काय वर्दी दिऊन येतोय, महाराज?”

महाराजांचा हट्ट काही सुटेना. “पण हे टीचभर हत्यार बघून चोर हसेल!”

“हसू द्या की! हसनारा मानूस पळत न्हाई. जागच्या जागी हुबा ऱ्हातोय, नेम धरायला लई सोपा!”

महाराज असे हसत सुटले, की पोट धरून तिथंच उभे राहिले. डोळे पुसून पाहतात, तर राणीसाहेबांचं रिकामं रिव्हॉल्वर त्यांच्या पागोट्याच्या तुऱ्यावर रोखलेलं!

“पटलं?” राणीसाहेबांनी विचारलं.

“पटलं बाई, पटलं!” महाराज पुन्हा हसले. “बयजा, तुझं गाठोडं राहू दे इथंच. आजपासून राणीमहालाची शस्त्रं तुझ्या ताब्यात!” आणि त्यांनी आपल्या मनगटातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात घातलं.

कडं सरकत सरकत तिच्या कोपरापर्यंत गेलं. बयजानं ते वर धरून महाराजांना दाखवलं.

“महाराज, पुन्यांदा मोठंच निवडलं की!”