पाठ करून बसलेलं गाव

खूप खूप मागची गोष्ट. तेव्हा मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढायचं, आणि घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावातल्या एका घरात नुकतीच सून आली होती; तिचा नवरा कामासाठी परगावी असायचा. एका सकाळी ती मागच्या दारी भांडी पालथी घालत होती, आणि तिनं ऐकायला नको होतं असं एक वाक्य कुडापलीकडून तिच्या कानावर आलं.

"सून गुणाची आहे हो," सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "पण घरात आणलीय की कोनाड्यात ठेवलीय, तेच कळत नाही."

शेजारीण हसली. सुनेनं हातातलं पातेलं आवाज न करता खाली ठेवलं. तेवढं जरी आदळलं असतं, तरी ती कोनाड्यात नाही हे दोघींना कळलं असतं. पण हे तिला नंतर सुचलं.

तसं घर वाईट नव्हतं. उलट फार प्रेमळ होतं, आणि तीच तर अडचण होती. ती जेवायला बसली की सगळं घर तिच्या ताटाकडे बघायचं. "तिला वाढा." "लाजतेय ती." "बोल की गं, काय हवं ते." उखाणा घे म्हणून तर दीर अजून मागे लागलेला होता. दर वेळी एखादं वाक्य तिच्या ओठापर्यंत यायचं, आणि दारात एवढी माणसं उभी बघून परत आत जायचं.

आता मुलांनो, आणि मुलांच्या निमित्तानं ऐकणाऱ्या मोठ्यांनो, त्या गावची एक रीत ऐका.

मिठाचे तांडे पुढे जाताना लंगडं गाढव, म्हातारा बैल, आजारी कुत्रा असं काहीबाही मागे सोडून जायचे. गावानं अशा जनावरांसाठी त्यांच्या मुक्कामाच्या जुन्या तळावर एक निवारा बांधला होता. एक म्हातारा तिथं राहायचा. त्याला सगळे तात्या म्हणायचे. प्रत्येक घरातलं एक माणूस आळीपाळीनं तिथं राबायला जायचं. जनावर जरा सावरलं की एखादं घर त्याला पाहुणं म्हणून घेऊन जायचं. आणि ज्या दिवशी त्या जनावरानं घराच्या उंबऱ्यावर घरच्या ताटातला घास खाल्ला, त्या दिवसापासून ते त्या घरचं. मग त्याला राजासुद्धा बाहेर काढू शकत नव्हता.

पाळी आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सूनबाईला पाठवू. तेवढीच चारचौघांत दिसेल."

निवाऱ्यात पाय ठेवला आणि सून थबकली. तिला वाटलं होतं, जनावरांचा कालवा असेल. पण तात्या अंगणाच्या मधोमध मांडी घालून नुसता बसला होता, आणि एक आंधळा बैल, दोन गाढवं, तीन पायांची कुत्री, अशी सगळी त्याच्याभोवती उभी होती. कुणी हुंगत होतं, कुणी त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली होती. गाभाऱ्यात शिरावं तसं तिला वाटलं. तिनं चपला बाहेरच काढल्या.

सगळ्यात पलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात, वासराएवढी थोरली राखी रंगाची कुत्री पडली होती. तांड्याची राखण करायची ती. पाय मोडला म्हणून तांड्यानं तिला खुंटाला बांधून मागे सोडलं होतं. पाय जुळत आला होता, पण ती खात नव्हती. कुणी जवळ गेलं की भिंतीत शिरल्यासारखी आकसायची.

"तिच्याकडे बघू नकोस," तात्या म्हणाला. "तिच्याकडे पाठ कर. मागे भाकरी ठेव आणि बस."

"मग?"

"मग काही नाही. फार अवघड काम आहे. गावात अजून कुणाला जमलेलं नाही."

सुनेला मात्र ते पहिल्या दिवसापासून जमलं. काही न बोलता बसायचं, आणि कुणी तिला त्याबद्दल बोलत नाही, असं ठिकाण तिला लग्नानंतर प्रथमच मिळत होतं. ती बसायची. अंगणातल्या चिंचेची सावली सरकायची. भाकरी तशीच राहायची. मग एका दिवशी मागे नखांचा बारीक आवाज झाला, आणि तिच्या पाठीवर एक ऊन ऊन श्वास आला. एवढं प्रचंड जनावर, आणि श्वास कसा, तर चुलीवरून फुंकर घातल्यासारखा. सुनेनं मान वळवली नाही. पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायला हात हलवायचीही तिची छाती झाली नाही.

पुढे ती कुत्री तिच्यामागून घरी आली. दोर लागला नाही.

आणि घर आनंदून गेलं. तिथंच सगळं बिघडलं.

सासरे कुत्रीला वाघी म्हणायला लागले, दीर राणी म्हणायला लागला, सासूबाईंनी चंपी ठरवून टाकलं. तिघंही आपापल्या नावानं दिवसभर हाका मारायची. कुत्री गोठ्याच्या कोपऱ्यात बसून राहायची आणि सून पाठ करून बसली तरच खायची.

"पाटलांच्या पाहुण्या बकरीनं लगेच घास खाल्ला," सासूबाई म्हणाल्या. "आपली एवढी थोरली, आणि आपल्याच दारात उपाशी. उद्या दुपारी उंबऱ्यावर घास भरवायचा. गावाला बोलवा."

सुनेनं तोंड उघडलं. सगळ्यांनी लगेच कौतुकानं तिच्याकडे बघितलं. तिनं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारासमोर गाव जमलं. दिरानं हलगी आणली. सासूबाईंनी ताटात पुरणपोळी घेतली, वर तूप ओतलं. कुत्रीच्या गळ्यात नवा दोर घालून तिला उंबऱ्याशी ओढत आणलं. "खा गं माझे बाई," सासूबाई ताट तिच्या तोंडाशी नेत म्हणाल्या, आणि त्यांच्यामागून सगळं गाव पुढे झुकलं, आणि हलगी कडाडली.

कुत्रीनं एक हिसका दिला. दोर तुटला, ताट उडालं, माणसं बाजूला पडली. बघता बघता ती घाटाच्या झाडीत दिसेनाशी झाली.

त्या घाटात बिबट्या होता. आदल्याच पंधरवड्यात त्यानं गुराख्यांचा कुत्रा नेला होता, आणि तो कुत्रा तर धडधाकट होता. ही तर अजून लंगडत होती. दिवस मावळायच्या आत सापडली नाही, तर ती पुन्हा कुणालाच दिसणार नाही, हे लहान पोरांनाही कळत होतं.

सगळं गाव घाट चढायला लागलं. "वाघीऽ" "राणीऽ" "चंपीऽ" अशा हाका, आणि वर हलगी. वरच्या माळावर पोचेपर्यंत ऊन कलंडलं. झाडीत कुठंतरी पाचोळा वाजला. गावानं आणखी जोरात हाका मारल्या. पाचोळा आणखी लांब गेला.

सून पुढे झाली. तिनं दिराच्या हातातली हलगी काढून घेतली आणि गवतावर पालथी ठेवली. मग तिनं झाडीकडे पाठ केली आणि ती खाली बसली.

"अगं, हे काय?" सासूबाई म्हणाल्या. "वेळ काय, तू करतेस काय? आणि बिबट्याच्या रानाकडे पाठ?"

सुनेनं त्यांचा हात धरून हळूच खाली ओढलं. सासूबाई बसल्या, कारण सून धरलेला हात सोडेना. तात्या मागून धापा टाकत आला, काही न विचारता पाठ करून बसला. सासरे पुटपुटले, "माझे गुडघे नाहीतरी गेलेच आहेत," आणि तेही बसले. मग दीर. मग शेजारीण. मग एकेक करून सगळं गाव.

हाका थांबल्या, आणि मग त्या लोकांनी आपला डोंगर ऐकला. जन्मभर ते त्याच्या पायथ्याशी राहिले होते, पण त्यांनी तो ऐकलेला नव्हता. गवतातून जाणारा वारा. खोल दरीत कुठंतरी झिरपणारं पाणी. कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं आणि कुणी हसलं नाही. उन्हाचा रंग बदलला. सगळ्यांच्या सावल्या त्यांच्यापुढे लांब पसरत गेल्या, आणि त्या सावल्यांमध्ये एक चार पायांची सावली आली.

कुणी मान वळवली नाही. ती सावली एकेका पाठीशी थांबत होती. कुणाची पगडी हुंगली, कुणाच्या मानेवर श्वास सोडला. ज्याच्यापाशी ती थांबे, त्याच्या अंगावर काटा येई. सुनेच्या पाठीशी ती बराच वेळ थांबली. मग एक पाऊल बाजूला गेली, आणि तिनं आपलं जड डोकं सासूबाईंच्या पाठीवर टेकवलं.

सासूबाईंनी श्वास रोखला. कमरेच्या ओच्यात सकाळची भाकरी होती. तिचा तुकडा त्यांनी मोडला, तळहातावर ठेवला आणि हात मागे नेला. हात उघडाच राहिला. माळावर एवढी माणसं होती, पण खाण्याचा तो लहानसा आवाज सगळ्यांना ऐकू आला. काहींनी हात जोडले. कुणाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

माळावर ना उंबरा होता ना ताट, तरी ती कुत्री त्या घरची झाली, आणि म्हातारी होऊन त्याच घरात तिनं प्राण सोडला. गावची रीतही बदलली. पाहुण्या जनावराला उंबऱ्यावर घास देताना घर पाठ करून बसायला लागलं, आणि हलगी वाजलीच तर ती घास खाऊन झाल्यावर. नव्या सुनांच्या ताटाकडे बघणंही लोकांनी हळूहळू सोडलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "अगं, तुला हे सगळं कळत होतं, तर आधी सांगितलं का नाहीस?"

सगळं घर तिच्याकडे बघायला लागलं. मग सासऱ्यांच्या काहीतरी लक्षात आलं. ते भिंतीकडे तोंड करून पगडी उतरवायला लागले. दीर दाराशी जाऊन पाय धुवायला लागला. सासूबाई चुलीकडे वळल्या आणि पेटलेलीच चूल पुन्हा फुंकत बसल्या.

सुनेनं त्या तीन पाठींकडे बघितलं. मग ती म्हणाली, "ज्याला आपलं करायचं, त्याच्यापुढे घास ठेवावा, आणि तो कधी घ्यायचा ते त्याच्यावर सोडावं."