लाकडी हत्तीचा कबुलीजबाब

राजा भूपतसेनाचा लाकडी हत्ती भरसकाळी कुंभारवाड्यात शिरला. त्याने सगुणा कुंभारणीचा मडकी भाजायला रचून ठेवलेला आवा तुडवला, मडक्यांचा चुरा केला आणि मडकी वाचवायला धावलेल्या तिच्या नवऱ्याचा, हरबाचा, पाय नडगीतून मोडला. मग समोरच्या भिंतीला डोकं टेकून तो तिथेच पाय आपटत राहिला. कोणी म्हणे शेपूट ओढा, कोणी म्हणे कान पिळा. पण हत्तीला थांबवायची कळच नव्हती! पोटातली चावी संपली तेव्हा दुपारी कुठे तो गप्प झाला.

सगुणा तडक दरबारात गेली. तिचं मागणं साधं होतं. नवऱ्याचा पाय बरा होईपर्यंत काम अडू नये एवढी सोय करावी, आणि हत्ती रस्त्यावर सोडायचाच असेल तर त्याला थांबवायची कळ बसवून सोडावा.

हत्ती घडवणारे यंत्रपंडित दिगंबरपंत पुढे आले. त्यांनी सांगितलं की घडवला मी हे खरं, पण एकदा चालू लागला की हत्ती आपल्या बुद्धीने चालतो. कुंभारवाड्यात जा असं काही मी त्याला सांगितलं नव्हतं. राजाला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते चारचौघांत कबूल करणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने गंभीरपणे मान डोलावली आणि हुकूम सोडला की गुन्हा हत्तीचा, तेव्हा खटला हत्तीवर.

हत्तीला कैद झाली. तुरुंगाचं दार लहान पडलं म्हणून भिंत पाडली. नियमाप्रमाणे कैद्यासमोर रोज दोन भाकऱ्या येत. हत्ती खाईना, तेव्हा कैद्याने अन्नत्याग केल्याची खबर राजवाड्यावर गेली. राजवैद्यांनी येऊन नाडी पाहिली, ती काही सापडली नाही, म्हणून त्यांनी कैदी निगरगट्ट आहे असं लिहून दिलं. खटल्याच्या दिवशी कारकुनाने हत्तीला नाव, गाव आणि बापाचं नाव तीन-तीनदा विचारलं.

हत्ती बोलेना. सगुणा म्हणाली की लाकूड बोलणार कसं? राजा इरेला पेटला.

"आरोपीच्या कबुलीशिवाय या राज्यात शिक्षा होत नाही," तो म्हणाला. "तीन दिवसांत भरदरबारात कबुली मिळाली पाहिजे. नाही मिळाली तर तक्रार खोटी, आणि कुंभारवाडा उठवून तिथून हत्तीची वाट काढली जाईल."

घरी हरबा बाजेवर पडून होता. तो म्हणाला, जाऊ दे, बहिणीच्या गावाला जाऊ, मातीचं काय, माती कुठेही मिळते. वाड्यातल्या अकरा घरांतली माणसं दारात उभी राहून सगुणेकडे बघत होती. तिने पदर खोचला आणि ती आरोपीला भेटायला तुरुंगात गेली.

तिथे जमादार येसबा हत्तीचे पाय तेलाने पुसत बसला होता. त्याच्या बोलण्यातून तिला कळलं की परवाच्याच दरबारात नदीवरच्या नव्या पुलाबद्दल पंतांचा शेला-पागोटं देऊन सत्कार व्हायचा आहे. पुलाचे दगड कोणी वाहिले, असं तिने विचारलं. येसबा म्हणाला, "ह्यानेच की." सगुणा घरी परतली आणि त्या रात्री स्वस्थ झोपली.

तिसऱ्या दिवशी दरबार भरला. हत्ती साखळदंडात उभा होता. राजाने कबुली कुठे आहे म्हणून विचारलं.

"येईल, महाराज," सगुणा म्हणाली. "पण आधी आरोपीवर होणारा अन्याय दूर करा. तो आपल्या बुद्धीने चालतो, असा निवाडा आपणच दिला. मग पुलाचे दगडही त्याने आपल्याच बुद्धीने वाहिले. शेला मात्र पंतांना का?"

दिलेला निवाडा मागे घेणं राजाला ठाऊकच नव्हतं. शेला हत्तीला घालावा, असा हुकूम झाला. शेला पाठीवर पुरेना, म्हणून सोंडेला बांधला. पागोटं एका डोळ्यावर घसरलं. भालदाराने 'यंत्रपंडित श्रीमंत हत्ती' अशी ललकारी दिली. पुरोहित बिचारे त्याचं गोत्र शोधत राहिले. पंत घाम पुसत सगळं सोसत होते. तेवढ्यात राजा म्हणाला, "आणि राजयंत्रपंडिताची जागा आजपासून हत्तीची. पंतांनी त्याच्या हाताखाली काम करावं."

पंतांचा बांध फुटला.

"अहो, त्या लाकडाला काय कळतंय! त्याची अक्कल ती माझी! कुठे वळायचं, पाय कधी उचलायचा, पाऊल न् पाऊल मी त्याच्या पोटात कोरून ठेवलंय. माझ्यावाचून तो शेपूटही हलवत नाही!"



"महाराज, कबुली लिहून घ्या," सगुणा म्हणाली.

"ही पंतांची झाली," राजा हट्टाने म्हणाला. "ती आरोपीच्या तोंडून यायला हवी होती."

"मग हत्तीला तोंड कोणी बसवलं, तेही पंतांनाच विचारा, महाराज."

राजाने पंतांकडे पाहिलं, मग डोळ्यावर पागोटं आलेल्या हत्तीकडे पाहिलं, आणि तो असा हसत सुटला की सिंहासनाची उशी खाली पडली. हसू आवरल्यावर त्याने स्वतः हत्तीच्या सोंडेचा शेला सोडला आणि पंतांच्या खांद्यावर टाकला.

"घ्या पंत. शेलाही तुमचा, तुडवलेला आवाही तुमचाच."

कुंभारवाडा जागेवर राहिला. हत्तीला थांबवायची कळ बसली. सगुणेला राजाने रेशमी लुगडं दिलं आणि दरबारात मानाची बैठक दिली. यापुढे कोणतंही नवं यंत्र रस्त्यावर आणण्याआधी, ते थांबवायचं कसं हे सगुणाबाईंना दाखवावं, असा कायदा झाला. हरबाचा पाय जुळेपर्यंत हत्तीने तिच्या अंगणात माती तुडवावी, आणि पंतांनी घंटा वाजवत त्याच्यापुढे चालावं, असंही ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरबा ओट्यावर पाय पसरून बसला होता. पंत घंटा वाजवत आले, त्यांच्यामागून हत्ती आला. हरबाने चिखलाकडे नीट पाहिलं.

"जरा डावीकडून घ्या, पंत," तो म्हणाला. "तिथं ढेकळं राहिलीत."