बैलांची दोण

एक होता राजा. पण ही गोष्ट त्याची नाही, बरं का. राजांच्या पुष्कळ ऐकल्यात तुम्ही. ही त्याच्या विहिरीवरच्या दोन बैलांची, हरण्याची आणि काजळ्याची, आणि त्यांना हाकणाऱ्या सगुणाची. पाय आत घे रे, पांघरूण उडतंय.

तर ते गाव होतं डोंगरावर. नदी नाही, तळं नाही. सगळ्या गावाला मिळून एक विहीर, आणि विहिरीवर कातड्याची मोट. बैल उतारावरून खाली चालले की दोर ताणायचा, भरलेली मोट वर यायची आणि काठच्या दगडी थारोळ्यात रिकामी व्हायची. मग बैल मागे मागे चालत वर यायचे आणि मोट खाली जायची. थारोळ्यातून पाट निघायचा तो राजाच्या महालापासून थेट शेवटच्या झोपडीपर्यंत.

विहिरीत राहायची एक आसरा, पाण्यातली देवी. तिने गावाला पाणी दिलं, पण अट घातली. मोट थांबली आणि शंभर मोजेपर्यंत हलली नाही, तर मी पाणी घेऊन पाताळात जाईन. म्हणून मोट रात्रंदिवस चालायची. बैल झोपायचे कधी, म्हणतेस? चालता चालता. गोष्टीतले बैल आहेत ते.

मग पाणी कधी प्यायचे? त्याची युक्ती सगुणाच्या आईने करून ठेवली होती. थारोळ्याला तिने अगदी तळाशी, राजाच्या पाटाच्याही आधी, दोन भोकं पाडली. अंगठ्याएवढी. त्यातलं पाणी बैलांच्या तोंडाशी दोणीत पडायचं. ओढताना पिता यायचं नाही. पण बैल वर आले, मोट बुडून भरायला लागली, की तेवढ्या उसंतीत दोन घोट घ्यायचे. आणि भोकांना तिने लावली होती जादूची काळी माती. बैल जास्त राबले की त्यांचा घाम मातीवर ठिबकायचा, माती विरघळायची, भोकं मोठी व्हायची, पाणी जास्त यायचं. काम हलकं झालं की माती फुगायची, भोकं बारीक. कुणाला काही सांगावं लागायचं नाही.

एकदा काय झालं, विहीर बघायला दिवाण आला. त्याने दोण पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. राजाच्या आधी बैल पाणी पितात? उन्हाळ्यात, गाव तहानलेलं असताना?

सगुणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्या घरी बायका सगळ्यांना वाढून शेवटी जेवायच्या. वाढणारीने आधी जेवू नये, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. तिने स्वतःच्या हाताने चुना कालवला आणि दोन्ही भोकं बुजवली. गावाचं झाल्यावर उरेल ते बैलांना, असं ठरलं.

पहिल्या दिवशी बैल चालले. शेवटच्या झोपडीपासून बादलीभर पाणी परत आलं. गाव म्हणालं, काय गुणाची बाई! दुसऱ्या दिवशी तांब्याभर आलं. काजळ्याच्या तोंडाला फेस आला. सगुणाला दिसत होतं सगळं, पण बोलणार कोणत्या तोंडाने? चुना तर तिनेच लावला होता.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी धान्याच्या कोठाराला आग लागली.

मग काय, पाणी आणा, पाणी आणा! दिवाण धावत आला. म्हणाला, दुप्पट हाक. सगुणाने दुप्पट हाकले. वरची उसंत गेली. बैलांच्या अंगातून घाम धो धो वाहिला आणि चुन्यावर पडला. चुना काही विरघळतोय होय? तसाच घट्ट राहिला तो. मग काजळ्या बसला. त्याच्या पाठोपाठ हरण्या कोसळला. मोट थांबली.

विहिरीवरच्या बायकांनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. दहा झाले आणि पाण्यातून विहिरीची एक पायरी उघडी पडली. वीस झाले, दुसरी पडली.

थारोळ्यात वीतभर पाणी उरलं होतं, तेवढंच. दिवाण म्हणाला, "ते कोठाराला जाऊ दे."

सगुणाने आपली घोंगडी गावाच्या पाटाच्या तोंडात कोंबली. म्हणाली, "नाही जाणार. आधी बैल."

लोक ओरडले. तिने पहार उचलली आणि चुन्यावर घाव घातला. तीस. चाळीस. पहिलं भोक फुटलं. साठाला दुसरं फुटलं. दोणीत पाणी पडलं. काजळ्याने तोंड घातलं, प्याला आणि धडपडत उठला. हरण्या मात्र डोळे मिटून पडलेला. सत्तर. ऐंशी. सगुणाने ओंजळीने त्याच्या तोंडात पाणी घातलं. ते बाहेर सांडलं. तिने पुन्हा घातलं. त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "चुकलं रे माझं. पी, राजा."

नव्वद. एक्क्याण्णव. हरण्याची जीभ हलली. त्याने एक घोट घेतला, मग दुसरा. पंच्याण्णवाला गुडघ्यावर आला. सत्त्याण्णवाला उभा राहिला. नव्व्याण्णव म्हणताना बायका रडायलाच लागल्या, आणि तेवढ्यात दोर ताणला. मोट हलली.

सगुणाने पाटातली घोंगडी ओढून काढली आणि पाणी कोठाराकडे धावलं. अर्धं कोठार जळलं, अर्धं वाचलं. राजाने विचारलं, चूक कुणाची? सगुणा म्हणाली, माझी. मग सगुणाने भोकांना पुन्हा काळी माती लावली. उरलेला चुना दिवाणाने पानाला लावून खाल्ला असेल. त्या दिवसापासून बैल आधी प्याले, आणि गावाला कधी पाणी कमी पडलं नाही.

आता छातीवर हात ठेवा बघू. चालतेय ना मोट? ते तुमचं काळीज. सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण पहिल्या दोन वाटा, त्या दोन भोकांसारख्या, स्वतःच्या ठेवतं. एक ठोका झाला की दुसऱ्याच्या आधी जरा थांबतं ना, तेव्हा ते आपले घोट घेतं. तुम्ही धावलात की वाटा रुंद करतं. म्हणून तर तुम्ही झोपलात तरी ते चालतं.

मिटा डोळे. सगुणा सुखात राहिली, बैल सुखात राहिले, तुम्हीही राहा.

आणि सूनबाई, सगळं ऐकलंस ना तिथून? ठेव ती भांडी. आधी जेवून घे.