व्हॅनिलाचं फूल आणि लिंबाचा काटा

वेली बोटीत बसून परदेशी जायच्या, त्या काळची ही गोष्ट. दूरच्या घनदाट रानातली एक व्हॅनिलाची वेल कोकणात आली आणि द्वारकाकाकींच्या बागेत वाढली. तिची फुलं पहाटे उमलत आणि दुपारपर्यंत कोमेजून गळत. शेंग एकही धरत नसे. फुलातला नाजूक पडदा उचलून पराग आत पोचवणारी तिच्या रानातली मधमाशी इथे नव्हतीच. तरी वेल समुद्राकडे डोळे लावून म्हणायची, "येईल माझी माशी."

एका वर्षी हंगामाचं शेवटचं फूल उमललं, तेव्हा शेजारच्या लिंबाचा एक काटा म्हणाला, "मी येऊ का?"

वेल शहारली. "तू? तू तर टोचतोस!"

"टोचतो खरा. पण पडदा उचलायला असंच बारीक टोक लागतं. ऊन चढतंय, बाई."

फुलाच्या कडा मलूल होऊ लागल्या होत्या. वेल हळूच म्हणाली, "पण त्यासाठी तुला झाडावरून तुटावं लागेल."

"माहीत आहे मला."

काकी हे ऐकत होत्या. "एवढ्या लांबून आलीस गं, तुझं हे फूल तरी वाया जाऊ द्यायचं नाही," असं म्हणत त्यांनी काटा मोडून घेतला, त्याच्या टोकाने पडदा अलगद उचलला आणि अंगठ्याने पराग दाबला.

नऊ महिन्यांनी शेंग पिकली. काकींनी ती उन्हात मुरवली, तेव्हा सगळी बाग घमघमली.

पुढच्या वर्षी वेलीचं पहिलं फूल उमललं, ते समुद्राकडे पाठ करून, लिंबाकडे तोंड करून.