रज्जाकभाईच्या टाकीतलं पाणी

“...आणि डोळ्यांतून टिपूससुद्धा आलं नाही?” सटवाजीबुवांनी विचारलं.

“नाही,” अंबादास म्हणाला. “आईला खांदा दिला, अग्नी दिला. बायाबापड्या धाय मोकलून रडत होत्या. मी आपला डोंगरासारखा उभा.”

“बरं.”

“सगळं आत दाबून टाकलं, बुवा. आता तरी छाटी द्या.”

बुवा सुपारी कातरत राहिले...

छाटी म्हणजे भगवं वस्त्र. बुवांनी ते एकदा खांद्यावर टाकलं, की माणूस घरचा सुटला आणि मठाचा झाला. तेवढ्या एका आशेवर अंबादास बुवांच्या मठात झाडलोट करत होता. आई गेली तेव्हा त्याला वाटलं, हीच आपली परीक्षा, आणि आपण पार पडलो.

“शेजारचा रज्जाकभाई भाचीच्या लग्नाला गावी चाललाय,” बुवा म्हणाले. “त्याच्या दुकानात बस. तो आला की बघू.”

आता काय म्हणावं! मठ बार्शी रस्त्याला, आणि मठाच्या भिंतीला लागून रज्जाकभाईचं पंक्चरचं दुकान. वैराग्य मागायला आलेल्या माणसाला बुवांनी टायरात हवा भरायला बसवलं. अंबादासला काही उमगेना. पण गुरूचा शब्द. गेला बिचारा.

निघता निघता रज्जाकभाईनं त्याला हवा भरायचं यंत्र दाखवलं.

“हे बघ महाराज, आतला दट्ट्या बाहेरची हवा ओढतो आणि या टाकीत कोंबतो. खोलीभर हवा, एवढ्याशा पोटात. मग ती बाहेर पडायला धडपडते. तिची धडपड, तेच आपलं काम.”

“आणि हा काटा?”

“किती धडपडतेय ते सांगतो. लाल रेघेपुढं जाऊ देऊ नको. आणि वरच्या मुंडक्याला हात लावू नको, भाजशील. हवा दाबली की तापते.”

“नुसती हवा? तापते?”

“सायकलला पंप मारलास ना कधी? मग त्याचा बुडखा धरून बघ. आणि हो, संध्याकाळी टाकीखालची तोटी सोडायची. विसरू नको, महाराज.”

अंबादासनं मान डोलावली.

काम तसं त्याला जमलं. सायकली आल्या, ट्रॅक्टर आले. गॅरेजवाला आला, त्यानं हवेच्या झोतानं इंजिनातली धूळ उडवून नेली. एका ट्रकवाल्यानं सांगितलं, की त्याचा ब्रेकसुद्धा हवेवरच चालतो, आणि एष्टीचं दार फुस्स करून उघडतं तेही हवेनंच. अंबादास ऐकत राहिला. दिसत नाही, धरता येत नाही, आणि एवढा मोठा ट्रक थांबवते!

पण संध्याकाळ झाली, की टाकीखालच्या तोटीवर हात ठेवून तो थबकायचा. दिवसभर राबून भरलेली हवा. ती का म्हणून सोडायची? आत राखलेलं बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा तर त्याचा बाणाच.

त्यानं तोटी उघडलीच नाही. एकाही संध्याकाळी नाही.

“सकाळी टाकी भरलेली तयार असते, बुवा,” तो ऐटीत सांगायचा. “रज्जाकभाईला हे सुचलं नाही.”

“बरं,” बुवा म्हणायचे.

मृगाचे दिवस. पावसाचा पत्ता नाही, नुसती दमट हवा. अशात सुदाम पेंटर हातगाडीवर लोखंडी कपाट घालून आला. लग्नाचं कपाट, नवरीला द्यायचं. त्यानं टाकीची नळी आपल्या रंगाच्या गनला जोडली आणि हात फिरवला. मोरपंखी रंग असा बसला, की अंबादास बघतच राहिला.

मग गन खोकली.

थू... थू... करत पाण्याचे थेंब ओल्या रंगावर उडाले. दारभर फोड आले.

“अरे महाराज!” सुदाम ओरडला. “टाकीत पाणी कशाला भरलंस?”

“पाणी? मी हवाच भरली.”

“मग हे काय माझा आजा थुंकला? उद्या वरात आहे! बघ, देवी आल्यासारखं झालंय कपाट.”

“देवाशपथ, सुदामदादा, नुसती हवा...”

अंबादासनं नळी झटकली. रंगाचा डबा हुंगला. वर पत्र्याकडं पाहिलं, कुठं गळतंय का. पत्रा कोरडा ठणठणीत. त्याचं डोकं चालेना.

गलबला ऐकून बुवा काठी टेकत आले. टाकीपाशी उकिडवे बसले, अंबादासचा हात धरला आणि खालच्या तोटीवर नेऊन ठेवला.

“सोड.”

“हवा जाईल, बुवा.”

“सोड.”

त्यानं तोटी फिरवली. आधी फुरफुर झाली. मग पाणी आलं. गंजानं तांबडं झालेलं. येत राहिलं, मातीत ओघळ धरून रस्त्यापर्यंत गेलं.

“हे कुणी घातलं?” अंबादासनं विचारलं.

“कुणी नाही.”

“मग आलं कुठून?”

“हवेतच असतं.”

“मग दिसत कसं नाही?”

“हवा मोकळी असते तोवर कशाला दिसेल?... कोंबून कोंबून भरली, तापली, मग गार झाली. की साचतं तळाला.”

अंबादासनं ओंजळ पुढं केली. पाणी हातावर पडत होतं. तो त्याच्याकडं बघत राहिला, बघत राहिला...

“अंब्या म्हणायची मला,” तो म्हणाला.

“कोण?” सुदामनं विचारलं.

“आता कुणी म्हणणार नाही.”

सुदामच्या हातातलं फडकं तिथंच थांबलं.

आणि अंबादास रडला. रस्त्यावरून ट्रक जात होते, आणि हा एवढा मोठा गडी टाकीला टेकून हुंदके देत होता. सुदामला काय करावं कळेना. त्यानं कपाटाचं दार हळूच लावून घेतलं.

“राहू दे, महाराज,” तो म्हणाला. “सुकलं की घासतो, पुन्हा हात मारतो. होतंय उद्यापर्यंत.”

अंबादासनं मान वर केली.

“बुवा, गेलं सगळं. एवढं राखलेलं... आता मी कुठल्या तोंडानं मागू?”

बुवांनी आपल्या खांद्यावरची छाटी काढली आणि त्याच्या खांद्यावर टाकली.

अंबादास तिच्याकडं बघे, बुवांकडं बघे. ज्या दिवशी डोंगर होता त्या दिवशी मिळाली नाही, आणि आज?

“आज, बुवा? काम बिघडवलं... रडलो... तरी?”

बुवांनी छाटीचं टोक नीट केलं.

त्याला काहीच समजलं नाही. भगव्या वस्त्राला डाग पडू नये म्हणून त्यानं एका हातानं ते सावरलं, आणि दुसरा हात तोटी बंद करायला पुढं नेला.

बुवांनी तो हात धरला.

“राहू दे,” ते म्हणाले. “अजून येतंय.”